लोकल चालू होती, फक्त कांजूरमार्गला थांबत नव्हती

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका अभ्यासिकेतली पाच पोरं. सरकारी भरतीची परीक्षा, कॉम्प्युटरवरची, रविवारी दुपारच्या सत्रात आणि केंद्र आलं थेट मुंबईत, कांजूरमार्ग पश्चिमेला. मी त्या अभ्यासिकेत संध्याकाळी गणित-बुद्धिमत्ता घेतो, त्यामुळं ह्या प्रकरणात मी अर्धा आत आणि अर्धा बाहेर होतो. पोरांची नावं देत नाही, परीक्षा कुठली तेही नको, सगळ्यांना एरियावरूनच ओळखू कारण अभ्यासिकेत तसंही त्याच नावानं हाका मारतात: शेळगी, बाळे, होटगी रोड, जुळे सोलापूर आणि विडी घरकुल. शेवटच्या दोघी मुली, बाकीची पोरं.

पाचजणांत शेळगी एकटाच आधी मुंबईला जाऊन आलेला, तेही लहानपणी लग्नाला. होटगी रोडची आत्या वरळीला राहते. सोलापूरच्या विणकर घरांची मुंबई-भिवंडीकडं नातीगोती असतातच, त्यामुळं "आत्याकडं उतरा, आंघोळ करा, जेवा आणि जा" हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. मुक्कामाचा खर्च नाही म्हणल्यावर घरच्यांनीही लगेच हो म्हणलं. विडी घरकुलच्या पोरीच्या आईला तर आत्या आहे म्हणूनच पोरीला पाठवायचा धीर आला.

सोलापूर ते मुंबई रेल्वेनं ४५५ किलोमीटर. रात्री साडेदहानंतर सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं, हा सोलापूरकरांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. आमच्याकडं रेल्वेचं विभागीय कार्यालयच आहे त्यामुळं ब्लॉक, म्हणजे कामासाठी रूळ काही तास बंद ठेवणं, हे पोरांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही, दौंडकडच्या दुहेरीकरणाच्या काळात गाड्या रद्द, गाड्या लेट हे सगळं बघूनच मोठी झालीत. पण आपल्याकडं ब्लॉक आला की गाडी एकतर येते नाहीतर येत नाही, मधलं काही नसतं.

अडचण नेमकी कुठं होती

मुंबईत मध्य मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे जवळजवळ दर रविवारी. रूळ, वरच्या विजेच्या तारा, सिग्नल यांची कामं करायला साधारण अकरा ते चारच्या दरम्यान एखादा पट्टा मोकळा करून घेतात, सणासुदीच्या रविवारी कधीकधी रद्दही करतात. सीएसएमटी ते कल्याण असे चार मुख्य रूळ, दोन धीम्या गाड्यांचे आणि दोन जलद गाड्यांचे. धीम्या रुळावर काम असलं की धीम्या लोकल जलद रुळावरून नेतात. गाडी धावते, पण ज्या स्टेशनात जलद रुळाच्या बाजूला थांबण्यासारखा फलाटच नाही तिथं ती थांबणार तरी कशी. माटुंगा-मुलुंडच्या पट्ट्यात अशी तीन स्टेशनं: विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर.

आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या दिवसांत पार्क चौकाकडची वाहतूक वळवतात तेव्हा रिक्षा बंद नसतात, फक्त तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येत नाहीत, तसलाच प्रकार.

आता गंमत बघा. ब्लॉकची सूचना रेल्वे देते, लपवून ठेवत नाही, शनिवारपर्यंत ती सगळीकडं असते. पण पेपरात किंवा फॉरवर्डमध्ये तिचं जे छोटं रूप येतं ते साधारण असं असतं की डाऊन धीम्या लोकल माटुंगा ते मुलुंड दरम्यान जलद मार्गावर वळवण्यात येतील आणि शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड इथं थांबतील, गाड्या दहा-पंधरा मिनिटं उशिरानं धावतील. (डाऊन म्हणजे सीएसएमटीकडून कल्याणकडं जाणाऱ्या, अप म्हणजे उलट्या.) ह्यात कांजूरमार्ग कुठंय? कुठंच नाही. म्हणजे तुमच्या कामाची गोष्ट काय, तर यादीत एक नाव नसणं. रोज त्या लाईनवर जाणाऱ्याला सगळी स्टेशनं ओळीनं पाठ असतात, त्याला ते गाळलेलं नाव लगेच टोचतं. सोलापूरच्या पोराला विक्रोळी आणि भांडुपच्या मध्ये काय असतं हेच माहीत नाही, त्याला काय टोचणार?

दुसरी अडचण क्रमाची, आणि माझ्या मते ही जास्त मोठी. सिद्धेश्वरचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस होतं), शनिवारची गाडी म्हणल्यावर वेटिंगला लवकर जाते, म्हणून परीक्षेची तारीख कळली की पोरं पहिल्यांदा तिकीट काढतात. हॉलतिकीट परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी येतं, तेव्हा कळतं की केंद्र मुंबईत नेमकं कुठं. आणि ब्लॉक कळतो शुक्रवारी-शनिवारी. म्हणजे निर्णय आधी आणि माहिती मागून, तीही तुकड्या-तुकड्यांनी. इथं पोरांना बेफिकीर म्हणणारे लोक मला भेटले, त्यांनी हा क्रम एकदा उलटा लावून दाखवावा.

मोठे ब्लॉक असले तर सगळ्या महाराष्ट्राला कळतं. २०२४ च्या मे अखेरीस ठाण्याच्या फलाटाच्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला तेव्हा दिवसभर टीव्हीवर तेच चालू होतं, आमच्या सात रस्त्याचा चहावालाही त्यावर बोलत होता. रविवारचा पाच तासांचा ब्लॉक ही मुंबईपुरती बातमी, सोलापूरच्या आवृत्तीत ती कशाला येईल.

कुठले पर्याय होते

तिकीट काढताना तीन पर्यायांवर बोलणं झालं होतं. पहिला सिद्धेश्वर. दुसरा वंदे भारत, जी फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालीय, सकाळी सहाला सोलापूरहून सुटते आणि दुपारी बारा-साडेबाराला मुंबईत. केंद्रावर एकच्या आत पोचायचं म्हणल्यावर ती तिथंच कटली, शिवाय भाडं. तिसरा ट्रॅव्हल्सची रात्रीची बस. बाळ्याच्या पोराला बस लागते, त्यानं आधीच हात वर केले.

सिद्धेश्वर घेतली तर पुढं परत दोन फाटे होते, पण ते तेव्हा कुणाला दिसलेच नाहीत. गाडी कल्याणला पहाटे थांबते. तिथं उतरून सीएसएमटीकडं जाणारी धीमी लोकल पकडली असती तर ब्लॉक सुरू व्हायच्या कितीतरी आधी पोरं थेट कांजूरमार्गला उतरली असती. तिकीट दादरचं असलं तरी कल्याणला उतरायला कोण अडवतंय? पण मग पहाटेपासून दुपारपर्यंत पाचजणांनी बसायचं कुठं, मुलींनी आवरायचं कुठं, हा प्रश्न खराच होता. दादरला उतरून आत्याकडं जाणं सोयीचं होतं आणि ब्लॉक नसता तर तोच बरोबर पर्याय ठरला असता. म्हणून त्या निर्णयाला मी चूक म्हणत नाही.

शनिवारी संध्याकाळी माहिती काढायचे दोन प्रयत्न झाले. जुळे सोलापूरनं ग्रुपवर मेगाब्लॉकचं एक चित्र टाकलं, ते हार्बरचं होतं, त्यावर रविवार लिहिलेलं पण तारीख नव्हती. ते कुठल्या रविवारचं हे आजतागायत कळलेलं नाही. सगळ्यांनी बघितलं, आपण हार्बरनं जात नाही म्हणून सोडून दिलं. म्हणजे बघा, चित्र बघून त्यांना उलट निर्धास्त वाटलं, मेगाब्लॉक दुसऱ्याच लाईनवर आहे म्हणून.

दुसरा प्रयत्न होटगी रोडचा. त्यानं आत्याच्या पोराला मेसेज केला, "दादा उद्या लोकल चालू आहेत ना?" दादाचं उत्तर आलं, "हो रे चालू असतात, संडेला जरा कमी असतात एवढंच." उत्तर शंभर टक्के खरं. दादा राहतो वरळीला, कामाला लोअर परळला, बसनं जातो. तो मुंबईकर असला तरी ह्या लाईनचा नाही, आणि त्याला विचारलेला प्रश्नही असा होता की त्याचं उत्तर "हो" सोडून दुसरं येणारच नाही. प्रश्न "दुपारी बाराच्या सुमाराला कांजूरमार्गला धीमी गाडी थांबतीय का" असा असता तर त्यानं एकतर बघून सांगितलं असतं नाहीतर मला माहीत नाही म्हणाला असता. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

रविवारी काय झालं

सिद्धेश्वर जवळपास वेळेत आली. दादर, तिथून टॅक्सीनं वरळी, आंघोळी, चहा. आत्यानं सगळ्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, रिकाम्या पोटी पेपर कसा सोडवणार म्हणून. सकाळी दहाला निघायचं ते निघता निघता पावणेअकरा झाले. आत्याला कोण दोष देणार, आमच्याकडं पाहुण्याला उपाशी पाठवणं म्हणजे काय ते सांगायला नको.

दादरला एक वेगळाच घोळ. आत्याच्या यजमानांनी सांगितलेलं, "सेंट्रलचा एक नंबर फलाट, तिथं ठाण्याकडची स्लो येते." त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले, दोन्ही बाजूंना तेच ते नंबर असल्यानं लोक गोंधळायचे म्हणून पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच ठेवले आणि सेंट्रलचे आठपासून पुढं चालू केले. जुना एक आता आठ. पोरं पाट्या बघत बघत गेली पश्चिमच्या एक नंबरला, कारण एक नंबर आता तिथंच आहे. परत पूल चढून आठवर येईपर्यंत दहा मिनिटं गेली आणि साडेअकराच्या पुढची गाडी मिळाली. नंबर बदलले ते गोंधळ कमी व्हावा म्हणूनच आणि नवख्या माणसाचा तो होतोही कमी. अडकतो तो जुन्या माणसाकडून पत्ता घेतलेला नवखा.

आठवर सगळं नेहमीसारखं. फलाट धीम्या गाडीचा, इंडिकेटरवर ठाणे, शेजारी धीमीचं एस. घोषणा चालू होती, मराठी, हिंदी, इंग्रजी आळीपाळीनं, पण शेजारच्या फलाटावर गाडी येत होती आणि ह्यांचं लक्ष आपली गाडी हीच ना याकडं. विडी घरकुलची म्हणते तिला "गैरसोयीबद्दल" एवढा शब्द ऐकू आला, पुढचं नाही. गाडी माटुंग्यानंतर जलद रुळावर गेली, डब्यातून ते कळायचं काही कारण नाही.

जुळे सोलापूरची पोरगी दारावरच्या पट्टीतली स्टेशनं मोजत उभी होती. शीव, कुर्ला आणि मग एकदम घाटकोपर. ती म्हणाली, "विद्याविहार आलंच नाही." शेळगी म्हणाला, "आलं असंल गं, बारकं स्टेशन असंल." मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो. माहिती त्यांच्या डोळ्यासमोर होती, रेल्वेच्या सूचनेपेक्षा स्पष्ट होती, आणि हातात वेळही होता, घाटकोपर किंवा विक्रोळीला उतरून रिक्षा केली असती तर सव्वाबारापर्यंत पोरं केंद्राच्या दारात असती. पण धीम्या गाडीनं स्टेशन गाळणं हा प्रकार असतो हेच माहीत नसल्यावर तिच्या बोलण्याचं वजन कुणाला कळणार, तिला स्वतःलाही कळलं नाही.

विक्रोळी सुटल्यावर पाचहीजण उतरायला दाराकडं सरकले. तिथं बसलेल्या एका बाईंनी विचारलं, कुठं उतरायचंय. कांजूर म्हणल्यावर त्या म्हणाल्या, "अरे देवा, आज कांजूर नाही घेणार, ब्लॉक आहे, भांडुपला उतरा." आणि तेवढ्यात कांजूरमार्गचा फलाट बाजूनं सरकत गेला, रिकामा, पिवळ्या पाटीवर नाव स्पष्ट वाचता येत होतं. गाडी थांबत-थांबत चाललेली त्यामुळं भांडुपला उतरले तेव्हा साडेबाराला पाच मिनिटं कमी.

भांडुपचा फलाट, दुसरा निर्णय

इथं शेळगीनं मला फोन केला. मी घरी होतो, मला म्हणाला, "सर, गाडी पुढं आणली आम्हाला, आता काय करू?" मी म्हणलं थांब, बघून सांगतो, आणि सूचना हुडकायला लागलो. तेवढ्या दोन-चार मिनिटांत फलाटावर त्यांचं ठरून गेलं होतं.

जुळे सोलापूरला तिकिटाची काळजी, तिकीट कांजूरचं आणि उतरलो भांडुपला, टीसीनं धरलं तर? त्या भीतीनं दोन मिनिटं तरी सगळे फलाटावरच घुटमळले. मग एक काका भेटले, रोजचे दिसत होते. त्यांनी सांगितलं, "पलीकडून उलटी गाडी पकडा, एकच स्टेशन मागे जायचं."

हा सल्ला मुंबईतला अगदी नेहमीचा आणि बऱ्याचदा बरोबरही. ब्लॉक फक्त डाऊनला असेल तर पुढच्या स्टेशनाला उतरून अपच्या धीम्या गाडीनं मागं यायचं, सगळे तसंच करतात. पण त्या दिवशी ब्लॉक अप आणि डाऊन दोन्ही धीम्या मार्गांवर होता. उलटी गाडीही जलद रुळावरूनच जाणार होती आणि कांजूर परत गाळणार होती. काकांनी मनापासून सांगितलं, फक्त ते दुसऱ्या कुठल्यातरी रविवारचं होतं.

शेळगीला रिक्षाच बरी वाटत होती. सगळे मिळून पश्चिमेला बाहेर आले, एक रिक्षा मिळाली, रिक्षावाला म्हणाला तीनच, चौथा घेणार नाही. सोलापुरात पाचजण रिक्षात कसे बसतात ते सगळ्यांना माहीतय, त्यामुळं पोरांनी "बसतो की दादा आम्ही दाटीवाटीनं" म्हणून बघितलं, तो नाहीच म्हणाला. मग शेळगी, होटगी रोड आणि जुळे सोलापूर रिक्षात बसले. बाळे आणि विडी घरकुल मागं राहिले दुसऱ्या रिक्षासाठी. दोन रिक्षा आल्या त्या कांजूरला यायला तयार नाहीत. तेव्हा बाळे म्हणाला, "काका म्हणले तसं गाडीनं जाऊ बे, एकच स्टेशन तर आहे," आणि दोघं परत आत गेले.

मला सूचना सापडली, अप-डाऊन दोन्ही बंद हे वाचलं, शेळगीला फोन लावला, तो म्हणाला आम्ही तिघं रिक्षात आहोत. बाळेला लावला तर उचलेना. ते दोघं तेव्हा गाडीत होते आणि कांजूरमार्गचा तोच फलाट दुसऱ्या बाजूनं बघत होते.

निकाल

रिक्षातले तिघं पावणेएकला केंद्रावर पोचले, तपासणी होऊन आत गेले. बाळे आणि विडी घरकुल विक्रोळीला उतरले, तिथून रिक्षा मिळाली पण लालबहादूर शास्त्री मार्गावर गर्दी. एक वाजून गेल्यावर पोचले, दार बंद झालेलं. विनंती केली, हॉलतिकीट दाखवलं, रात्रीचं सिद्धेश्वरचं तिकीट दाखवलं. दारावरच्या माणसानं नियम दाखवला. नियम हॉलतिकिटावर छापलेलाच होता त्यामुळं त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, आणि पोरं भांडलीही नाहीत.

पेपर सुटेपर्यंत दोघं समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. विडी घरकुलनं घरी संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही. रात्री सिद्धेश्वरनं सगळे परत आले.

नंतर अभ्यासिकेत ह्यावर बरंच बोलणं झालं. बाळ्याच्या वडिलांचं म्हणणं, पाचजण एकत्र राहायला पाहिजे होते. मला ते पटत नाही, एकत्र राहिले असते तर पाचहीजण बाहेर बसले असते. तिघं गेले ते बरोबरच झालं. चुकलं ते असं की मागं राहिलेल्या दोघांचं काय करायचं हे न ठरवता रिक्षा सुटली, आणि फलाटावरून मला केलेल्या फोनचं उत्तर यायच्या आधीच गट फुटला.

काय वेगळं करता आलं असतं

पाऊण तास आधी निघाले असते तर विषयच संपला असता, अकराच्या आतली गाडी कांजूरला थांबली असती. पण "लवकर निघा" हा सल्ला सगळेच देतात आणि आत्याच्या घरातून कुणी लवकर निघत नाही. मला जास्त उपयोगाचं वाटतं ते म्हणजे प्रश्न नीट विचारणं. त्यात स्टेशनचं नाव पाहिजे, वेळ पाहिजे आणि दिशा पाहिजे, जायचीही आणि यायचीही. आणि विचारायचं ते त्या लाईनवर रोज जाणाऱ्याला, नुसत्या मुंबईत राहणाऱ्याला नाही.

सूचना वाचायची पद्धतही आम्ही आता पोरांना शिकवतो, म्हणजे शब्दशः गणिताच्या तासाला. त्या लाईनची सगळी स्टेशनं वहीत ओळीनं लिहायची, सूचनेत थांबणार म्हणून जी नावं दिलीत ती खोडायची, जे उरलं त्यात आपलं आहे का बघायचं. वजाबाकी आहे सरळ. फॉरवर्डवर तारीख नसेल तर ते उघडायचंच नाही. मुंबईची पोरं एम-इंडिकेटरवर ब्लॉक बघतात, ते ॲप आता परीक्षेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून घेतो, आणि नकाशावर केंद्राच्या आजूबाजूची दोन स्टेशनं आधीच हेरून ठेवायला लावतो. कांजूर असेल तर विक्रोळी आणि भांडुप, तिथून रिक्षा किती लांब, कुठल्या बाजूला बाहेर पडायचं.

रिक्षात तीन म्हणजे तीनच, म्हणून गट निघतानाच तीन आणि दोन असा पाडायचा, दोन्हीकडं चार्ज असलेला फोन आणि सुटे पैसे. हे एवढं साधं आहे की लिहायलाही कसंतरी वाटतं, पण भांडुपला नेमकं ह्याच्यावरच घोडं अडलं.

सूचना देणाऱ्यांच्या बाजूनं माझं एकच मागणं आहे. जिथं गाडी थांबणार नाही ती नावं पहिल्या ओळीत, ठळक, मग बाकीचं वळवणं-बिळवणं. पूर्ण पत्रकात ही माहिती असतेच, पण कापून-छाटून पुढं जाणाऱ्या रूपात पहिली ओळच तेवढी टिकते. परीक्षा घेणाऱ्यांनीही मुंबईतल्या केंद्राच्या पत्त्याखाली रविवारी ब्लॉक असू शकतो, जवळच्या स्टेशनावर गाडी थांबते का बघा, असं एक वाक्य हॉलतिकिटावर छापलं तर कुणाचं काय बिघडतंय.

सध्या चालू काय

अभ्यासिकेच्या नोटीसबोर्डावर शनिवारी संध्याकाळी सातला एक कागद लागतो, दुसऱ्या दिवशी कुणाची मुंबईत परीक्षा असेल तरच. वर तारीख, खाली केंद्राचं स्टेशन, पोरांच्या वेळेत तिथं गाडी थांबते की नाही आणि नाही थांबली तर कुठं उतरायचं. हा कागद पोरंच करतात, आळीपाळीनं, मी फक्त तपासतो. रविवारी दुपारी ज्याची पाळी असेल त्यानं फोन हातात घेऊन बसायचं. पहिल्या वेळी कागद करणारा शेळगीच होता, त्यानं चारदा खाडाखोड केली.

विडी घरकुलनं पुढच्या फॉर्मला पहिला पर्याय पुणे टाकलाय, केंद्र तिथं मिळालं आणि पेपर दुपारचा असला तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनंही जाता येतं. पण पर्याय टाकला म्हणून तेच केंद्र मिळेल असं काही नाही, तिला ते माहीतय. बाळे मात्र परत मुंबईच टाकणार म्हणतोय, आणि ह्या वेळी केंद्र कुठंही येऊदे, मी पहाटे कल्याणलाच उतरणार बे, असं सगळ्यांना सांगत सुटलाय.